तीन बोटांचा ठसा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

देवणी, ता. उदगीर, जि. लातूर
२६ ऑगस्ट १९८२

चि. सौ. शिवगंगा हिस बसलिंगप्पाचे आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की आपला पत्ता बदलला. घर तेच, कापडाचं दुकान तेच, पण पंधरा ऑगस्टपासून आपण उस्मानाबाद जिल्ह्यात नाही, लातूर जिल्ह्यात आहोत. वर लातूरखाली रेघ मारली आहे, ती चुकून ओढली गेली असं समजू नये. पत्ता बदलला की नातेवाइकांना कळवावा, म्हणून कळवतो. गेल्या दहा वर्षांत दुसरं काही कळवण्यासारखं घडलं नाही.

पाऊस नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, मघाही हुलकावणी देत आहेत. चावडीवर लोक म्हणतात, "आता जिल्हा झालाय न्हवं, पडंल." जसं काही ढगांचा कागद इतके दिवस उस्मानाबादेत अडकला होता. बहात्तरची आठवण होते. ती तुलाही असेल.

पोळा झाला. गोठ्याच्या दारावर आणि बैलांच्या पाठीवर गेरूचे ठसे मारले, आपल्या घरच्या रीतीने, तीन बोटांचे. अप्पांनी सुरू केलेली चाल मी मोडलेली नाही. अंगठा आणि दोन बोटं, विभूतीच्या तीन पट्ट्यांसारखी. गावात दुसऱ्या कोणाच्या बैलावर असा ठसा नसतो. यंदा तर उजव्या हाताची दोन बोटं मुद्दाम मुडपावी लागली, डाव्याची आपोआप मुडपलेली आहेत.

त्याचंच विचारायचं होतं. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चार-पाच वर्षांपासून तळहाताकडे वाकत चाललंय. दुखत नाही, उघडत नाही. आपला सटवाजी, जो बैलांचे निखळलेले पाय बसवतो, तो म्हणाला, "मालक, सांद्यात वारा शिरलाय." त्याने एरंडेल चोळलं, निर्गुडीचा पाला बांधला, मग बांबूच्या कामट्या लावून बोट सरळ बांधलं. वारा आतच राहिला. नीलम्मानं वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ बंद केली आहे. वहिनीचा स्वभाव तुला ठाऊक आहे, दुखणं माझं आणि पथ्य साऱ्या घराला. दुकानात कापड पसरताना बोट ताग्यात अडकतं, ते चालवून घेतो. पण सकाळी पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं की कलतं. बासष्टाव्या वर्षी देवाला हातावर नीट बसता येऊ नये, हे बरं दिसत नाही.

नांदेडला सांध्यांचा कोणी चांगला डॉक्टर असल्यास नाव कळवावं. लातूरला जिल्ह्याची पाटी लागली आहे, डॉक्टर पाटीमागून येत आहेत असं ऐकतो.

बसलिंगप्पा


नांदेड
६ सप्टेंबर १९८२

अण्णाला शिवगंगेचा शरणु.

पत्र मिळालं. नवा जिल्हा मुबारक. दहा वर्षांत कळवण्यासारखं काही घडलं नाही म्हणतोस. इकडे माझ्या थोरल्याचं लग्न झालं, मला दोन नाती झाल्या, ह्यांची शाळा सुटून पेन्शन सुरू झाली. पण आमचा पत्ता बदलला नाही, म्हणून आम्हीही कळवलं नाही.

आता बोटाचं. सटवाजीला म्हणावं, तू बैलच बघ. आणि वहिनीला सांग, वांग्याचा ह्यात काही गुन्हा नाही, भरून कर आणि खा. मी विचारते त्याची उत्तरं दे. बोटाचा सांधा सुजतो का? गरम लागतो का? सकाळी उठल्यावर आखडतो का? नसेल तर वात नाही. मग तळहात बघ. बोटाच्या मुळाशी कातडीला खळगा पडलाय का, आणि कातडीखाली सुतळीसारखी ताठ दोरी हाताला लागते का? हात टेबलावर पालथा ठेव. सगळा टेकतो, की खालून हवा जाते?

(ही सगळी माहिती ती डॉक्टरांना सहज विचारून आली, असं लिहा म्हणते. लिहिलं. — कि.)

आणि हात कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढून पाठव. ही कल्पना ह्यांची. पस्तीस वर्षं पोरांना चित्रकला शिकवली, त्यांना कागदावर आल्याशिवाय काही खरं वाटत नाही.

(हे वाक्य मी बदलून लिहिणार होतो, तिने लक्ष ठेवलं. — कि.)

शिवगंगा


देवणी, ता. उदगीर, जि. लातूर
१५ सप्टेंबर १९८२

चि. सौ. शिवगंगा हिस,

पत्र पावलं. अक्षर फार सुंदर आहे. इतकं सुंदर अक्षर तुझं कधीच नव्हतं, तेव्हा ते कोणाचं हे ओळखायला मला चष्मा लावावा लागला नाही. दहा वर्षांनी भावाला दोन ओळी लिहायच्या, तर लेखनिक नेमला. तुला माझ्यासाठी हातात पेन धरणंही जड झालं असेल तर तसं सांगावं. किशनरावांवर माझा राग नाही. त्यांच्या कंसांवर आहे.

उत्तरं देतो. सांधा सुजत नाही, गरम नाही, आखडत नाही. खळगा आहे. दोरी आहे. हात दुकानातल्या टेबलावर पालथा ठेवला तर खालून उंदीर जाईल. बाह्यरेषा सोबत जोडली आहे. ती काढताना दोन गिऱ्हाइकं थांबून होती, त्यांना वाटलं मी हातमोज्याचं माप घेतोय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या पत्रात लिहिली नव्हती. सटवाजीचा वारा निघेना, तेव्हा मी सिद्धलिंग स्वामींकडे गेलो. ते हात बघून म्हणाले, "अप्पांचीबी अशीच मूठ मिटली होती, बसलिंगप्पा. अढी हाय तुझ्या मनात. ज्याच्यावर राग धरलास त्याला माफ कर, हात उघडंल." मी पुष्कळ विचार केला. दुकान, भाऊबंद, शेताचा बांध, सगळं आठवून पाहिलं. तू सोडून कोणी निघालं नाही. तू घरच्यांना न विचारता जातीबाहेर लग्न केलंस, त्यावरून अप्पा अखेरपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत आणि मूठ मिटूनच गेले. तरी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मी तुला माफ केलं. मनापासून केलं. गुरुवारी मोजून पाहिलं, बोट जिथल्या तिथं आहे. मग वाटलं, तुला कळवलं नाही म्हणून लागू पडत नसेल. म्हणून ते पहिलं पत्र.

खरं सांगतो शिवगंगा, मला भीती वाटते. उद्या मी गेलो आणि माझी मूठ उघडली नाही, तर चारचौघांत लोक म्हणतील, हा कोणावर राग धरून गेला? नीलम्मावर? पोरांवर? अप्पांच्या वेळी म्हणाले तसंच.

तेव्हा माफ केलं आहे, हे मिळाल्याचं कळवावं.

बसलिंगप्पा


नांदेड
२४ सप्टेंबर १९८२

अण्णा,

माफी मिळाली. निर्गुडीचा पाला, एरंडेल आणि कामट्या ह्यांच्यानंतर माझा नंबर लागला, ह्याचा आनंद आहे. त्यानेही गुण न आल्यास माफी परत घ्यावी, मी वापरलेली नाही.

तुला अप्पांच्या मुठीची आठवण येते. मलाही येते, आणि तुझ्यापेक्षा जास्त येते. बहात्तरचा डिसेंबर. तार मिळाली तशी मी पहिल्या एसटीने निघाले. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या माणसांनी समाधीचा खड्डा खणला होता, पहारीच्या जागी ठिणग्या निघत होत्या. अप्पांना बसवलेलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. त्यांचं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायचं होतं आणि मूठ उघडत नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. स्वामी म्हणाले, "लेकीनं धरून बघावं." मी माझ्या उजव्या हाताने अप्पांचा हात धरला. अप्पा, अप्पा म्हणून किती वेळा म्हटलं ते मला आठवत नाही. हात उघडला नाही. मागून रत्नम्मा आत्याचा आवाज आला, "लेकीवर राग हाय, म्हून मूठ सोडंना." साऱ्या गावाने ऐकलं. मग लिंग मुठीवरच ठेवून पांढऱ्या फडक्याने बांधलं. तू खाली बघत होतास. तू एक शब्द बोलला नाहीस, अण्णा. मी पाणीही न पिता एसटीत बसले.

लग्नानंतर वीस वर्षं अप्पा माझ्याशी बोलले नाहीत, खरं आहे. पण दर संक्रांतीला एसटीच्या ड्रायव्हरकडे तिळाची पिशवी यायची. आत चिठ्ठी नसायची, तरी मी समजत होते की राग अर्धा उतरलाय. त्या दिवशी कळलं की नुसते तीळ होते.

मी का लिहीत नाही, हे मला पुन्हा विचारू नकोस.

शिवगंगा

(ह्या पत्रात मी मध्ये काहीही लिहिलेलं नाही. — कि.)


नांदेड
१२ ऑक्टोबर १९८२

आदरणीय बसलिंगप्पा यांस किशनरावचा नमस्कार.

तीन आठवडे तुमचं पत्र नाही, म्हणून धीर करून लिहितो. आपल्या तीस वर्षांच्या नात्यातलं हे माझं तुम्हांला पहिलं पत्र. शिवगंगा नातीला घेऊन बाजारात गेली आहे, परत यायच्या आत पेटीत टाकायचं आहे. कंस करणार नाही.

तिच्या हातात पेन धरवत नाही. उजव्या हाताची करंगळी, अनामिका आणि आता मधलं बोटही आत वळलं आहे. सहा वर्षं झाली. ती पदराखाली हात ठेवते. भाकरी थापायची सोडली, तेव्हा मला वाटलं सून आली म्हणून आराम करते आहे. पस्तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण शिकवलं, आणि बायकोचा हात मला चार वर्षांनी दिसला.

तुमची बाह्यरेषा आली त्या दिवशी मी तिची काढली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, एक उलटा करून. तुमचा डावा आणि तिचा उजवा. मधलं बोट सोडलं तर रेषा रेषेवर बसली. मी ती तिला दाखवली नाही.

इथल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. हा सांध्याचा रोगच नव्हे. तळहाताच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो, तो जाड होतो, त्याची दोरी बनते आणि ती बोटाला आत ओढते. सांधा बिचारा निर्दोष असतो. म्हणून तेल आणि शेक ह्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे हे कमीच दिसतं, पण दिसतं तेव्हा पुष्कळदा घराण्यात असतं, बापाकडून लेकरांकडे येतं. दोरी कापून काढता येते. पण बोट वर्षानुवर्षं वाकडं राहिलं, तर पुढे सांधाच तसा जखडतो. मग दोरी कापली तरी बोट पुरतं सरळ होत नाही. म्हणाले, "आधी सांध्याचा दोष नसतो, उशीर केला की त्याचाही होतो."

तिच्या करंगळीचा सांधा जखडायला लागला आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, ती दोनदा गेली नाही. मी रागावलो, तेव्हा म्हणाली, "ह्याच हाताने अप्पांची मूठ धरली होती. त्यांचा राग हातात उतरलाय. अप्पांनी दिलेलं कापून काढू नका." शिकलेली बाई आहे.

तुम्हांला एकच विचारतो. समाधीच्या दिवशी मी तुमच्या दाराबाहेर रस्त्यावर उभा होतो, मला अप्पांचा हात दिसला नाही. तुम्ही जन्मभर त्यांच्या शेजारी बसून दुकान केलंत. अप्पांची मूठ मेल्यावर मिटली, की आधीपासून मिटलेली होती?

मी सांगून ती ऐकणार नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकेल.

आपला
किशनराव


देवणी, ता. उदगीर, जि. लातूर
२० ऑक्टोबर १९८२

चि. शिवगंगा,

हे पत्र किशनरावांना वाचायला सांग आणि कंस करायचे असतील तर करू दे. त्यांनी मला तुझ्या चोरून लिहिलं आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. तीस वर्षांत ह्या माणसाने विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि तो मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

पत्र दुकानात मिळालं. ते खिशात घालून मी घरी गेलो आणि थेट गोठ्याशी गेलो. दाराची डावी फळी मी दर पोळ्याला माझ्या ठशांसाठी घेतो. उजवी अप्पांची, तिला आम्ही रंग लावत नाही. खाली आजोबांचा जुना ठसा आहे, पाच बोटांचा. त्यावर अप्पांचे. सुरुवातीचे पाच बोटांचे. मग चार बोटं आणि एक टोक. मग तीन. वर्षावर्षाने बोट कसं आत गेलं ते दारावर गेरूने लिहिलेलं आहे, दोन्ही हातांचं. शेवटचा ठसा बहात्तरच्या पोळ्याचा. मी माझा डावा हात त्यावर ठेवला. नीलम्मा पाणी घेऊन आली होती, तीही बघत उभी राहिली. हात ठशात बसला.

शिवगंगा, अप्पांची चाल नव्हती. अप्पांचा हात उघडत नव्हता. आणि मी मूर्ख, पाच बोटं धडधाकट असताना दोन मुडपून दहा वर्षं घराण्याची रीत पाळत होतो. धाकट्या पोरालाही शिकवली. गेल्या वर्षी त्याने चुकून पाच बोटं लावली तेव्हा मी त्याला चारचौघांत बोललो.

मग एकेक आठवायला लागलं. अप्पा जेवताना ताट हातात न धरता मांडीला टेकवायचे. कापड मोजायला मला सांगायचे, मला वाटायचं मला धंदा शिकवतात. तिळाच्या पिशवीत चिठ्ठी का नसायची? शेवटची पंधरा-वीस वर्षं अप्पांनी कुठेच काही लिहिलं नाही. सही लागली तर दार लावून करायचे. एकदा मी म्हटलं, "अप्पा, तिला दोन वळी लिवा की." तर म्हणाले, "अक्षर वाकडं येतंय. लेक काय म्हणंल." मला वाटलं, टाळतात. पिशवीची गाठ मात्र ते स्वतः मारायचे, दातांनी. ती गाठ तू वीस वर्षं सोडलीस, तुला माहीत असेल ती कशी असायची.

आता जे लिहायचं आहे ते पुढे ढकलण्यासाठी मी इतकं लिहिलं. त्या दिवशी तू दुपारी आलीस. अप्पा पहाटे गेले होते. स्वामी यायच्या आधी, खोलीत कोणी नसताना, मी अप्पांची मूठ उघडून पाहिली होती. तीनदा. माझ्याच्याने उघडली नाही. वाटलं, बाप आपल्यावर राग धरून गेला. तुझी एसटी आली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. लेकीवर राग असेल, हे मीच रत्नम्मा आत्याच्या कानात घातलं. ती फक्त मोठ्याने बोलली. आणि तुझ्या हातानेही उघडली नाही, तेव्हा मला बरं वाटलं. खाली बघत होतो ते तेवढ्यासाठी.

म्हणजे माफी मागायची होती मी, आणि पत्राने पाठवली तुला. स्वामींनी औषध बरोबर सांगितलं होतं, मी ते दुसऱ्याला पाजलं.

अप्पांचा तुझ्यावर राग नव्हता. असता तर तो माझ्याही हातात उतरला नसता. जा आणि दोरी कापून घे. हे मोठ्या भावाचं सांगणं आहे. ऐकायचं की नाही ते तुझं तू बघ, तेवढा हक्क मी त्या दिवशीच घालवला.

इकडे अजून पाऊस नाही. टँकर येतो, त्याच्यावर आता जिल्हा लातूर लिहिलेलं आहे.

अण्णा


नांदेड
३ नोव्हेंबर १९८२

अण्णा

हे मीच लिहितेय. ह्यांना खोलीबाहेर घालवलंय. एक ओळ लिहायला भाकरी भाजून व्हावी इतका वेळ लागतो, म्हणून थोडकं.

पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. मधे दोनदा थांबले. मी गाठीपर्यंत रडले नाही. गाठीला रडले. तिळाची पिशवी मी नेहमी कात्रीने कापायची, सुटायचीच नाही. मला वाटायचं, रागाने आवळलीय.

सोमवारी ऑपरेशन आहे. तुझाही नंबर लावलाय, पुढच्या आठवड्यात. वहिनीला घेऊन ये. येताना दाराची उजवी फळी धुऊ देऊ नकोस कोणाला, आणि धाकट्याला सांग, पुढल्या पोळ्याला पाचही बोटं लाव.

रत्नम्मा आत्याचं नाव मी दहा वर्षं घेतलं नाही. ती मेली तेव्हाही आले नाही. ते तू मला करायला लावलंस. राग गेला असं मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, बाकी बोटं मोकळी होतील, करंगळी थोडी वाकडी राहील, फार उशीर झाला. मी विचारलं, तेवढ्याने अडतं का? म्हणाले, नाही, हातात हात देता येतो.

अक्षर असं आलंय. अप्पांना लाज वाटायची, मला नाही वाटत. तुला वाचता आलं नाही तर ये, मी वाचून दाखवते.

शिवगंगा